ऐकलं, फार वाईट वाटलं

फार पूर्वी, डोंगरांना अजून बोलता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एक मुलूख होता, सगळा खिंडींचा आणि दऱ्यांचा. प्रत्येक दरीत एक गाव आणि दोन गावांच्या मध्ये एक डोंगर आडवा पडलेला. या गावचं रडणं त्या गावाला ऐकू जायचं नाही, त्या गावचं हसणं या गावाला कळायचं नाही.

म्हणून त्या मुलखात एक रीत होती. कुणावर प्रसंग आला, घर पडलं, बाळंतीण अडली, माणूस गेलं, की त्या गावातून एक जण खिंड ओलांडून शेजारच्या गावात जायचा. त्याला सांगाव्या म्हणत. सांगाव्या अंगणात उभा राहायचा. बसायचा नाही, पाण्याला तोंड लावायचा नाही. तो बोलायला लागला की घरातलं माणूस ऐकता ऐकता पायांत वहाणा चढवायचं. मग दोघं निघायचे. आपल्याकडे काय आहे, आपल्याला काय जमेल, हे सगळं वाटेत ठरायचं. सांगाव्याला एकटं परत पाठवणं यासारखी नामुष्की नव्हती. ज्या घरांचं एकमेकांशी हाडवैर होतं, तीसुद्धा आधी वहाणा घालायची आणि मग वाटभर भांडायची.

या मुलखात सावरवाडी नावाचं गाव होतं. कारवीच्या कुडांची घरं, गवताची छपरं, मागे उंच माथा. तिथे गेनू नावाचा एक मुलगा राहायचा. तो लहान असताना त्याच्या आईला सापाने डसलं. बाप सांगाव्या होऊन खिंडीपलीकडच्या वैद्याकडे धावला. वैद्य लगेच निघाला, वाटेत कुठे टेकला नाही. तरी तो पोचला तेव्हा आईला अंगणात आणून ठेवलं होतं.

गेनूने त्या दिवशी खूप विचार केला. बापाचं चुकलं नव्हतं. वैद्याचं चुकलं नव्हतं. चूक वाटेची होती. वाट फार लांब होती आणि दुःख पायी चालत होतं. त्याने मनाशी ठरवलं की मोठं झाल्यावर आपण ही वाट मारून टाकायची.

आणि त्याने ती खरोखर मारली.

गेनूचा एक जिवलग मित्र होता, हरबा. हरबाचा आवाज असा होता की तो गुरांना हाक मारायचा आणि पलीकडच्या दरीतली गुरं घरी जायची. गेनूने हरबाला सावरवाडीच्या माथ्यावर बसवलं. शेजारच्या डोंगरावर दुसरा, त्याच्या पुढच्यावर तिसरा, असे माथ्यामाथ्यावर हाकारे बसवले. प्रत्येकाच्या हातात एक शिंग आणि तोंडाला लावायला सालीचा एक भोंगा. आधी शिंग वाजायचं, म्हणजे पुढचा सावध व्हायचा. मग एकेक शब्द सुटा करून हाक जायची. पुढचा ती जशीच्या तशी उचलून त्याच्या पुढच्याला द्यायचा. भाकरी तव्यावर टाकून ती उलटेपर्यंत मुलखाच्या या टोकाची खबर त्या टोकाला पोचायची.

पहिल्याच वर्षी एक अडलेली बाळंतीण वाचली, कारण सुईण वेळेवर आली. हरवलेल्या म्हशी सापडल्या. दूर दिलेल्या लेकींची खुशाली आयांना रोज कळू लागली. लोक म्हणायचे, गेनूने डोंगरांना वाचा दिली. तेव्हा ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

हाकेला कोणी काही मागत नसे. मग हाकाऱ्यांनी खायचं काय? त्यावरही गेनूने तोड काढली. पेठेतल्या व्यापाऱ्यांना त्याने सांगितलं की प्रत्येक हाकेच्या आधी तुमच्या मालाचं नाव घेऊ, तुम्ही हाकाऱ्यांचं पोट भरा. व्यापारी खुशीत कबूल झाले. तेव्हापासून शिंग वाजलं की आधी मोहोरछाप तेल यायचं आणि मग खबर. कुणी मेल्याची खबर असली तरी आधी तेलच यायचं. सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटलं, मग हसू आलं, मग काहीच वाटेनासं झालं.

हाका वाढत गेल्या. पाहुण्यांनी काय खाल्लं, कुणाच्या सुनेने काय उलट उत्तर दिलं, कुठल्या गावचा पाटील मूर्ख आहे, सगळं माथ्यांवरून फिरू लागलं. ऐकलेल्याला उत्तर देण्याचाही एक शिरस्ता पडला. चांगली खबर आली की सगळीकडून उलट हाक जायची, "ऐकलं, आनंद झाला." वाईट आली की जायची, "ऐकलं, फार वाईट वाटलं." हाकारे या दोन्ही हाका एका दमात मारायला शिकले. सांगाव्याचं काम उरलं नाही. रीत कुणी मोडली नाही. ती आपोआप गळून पडली, आणि पडल्याचा आवाजही झाला नाही.

मालाची नावं वाढली तसे व्यापाऱ्यांचे पैसेही वाढले, आणि गेनूचा गेनबाशेठ झाला. इतका श्रीमंत की आपल्याकडे किती आहे हे विचारायचंही त्याने सोडून दिलं. एक दिवस पेठेतल्या व्यापाऱ्यांनी ते सगळं जाळंच त्याच्याकडून विकत घेतलं. बाकीचे हाकारे नव्या मालकाकडे गेले. हरबाने मात्र गेनबाला चांगलंच सुनावलं.

"तू माथे विकलेस, शिंगं विकलीस, ते तुझं होतं," तो म्हणाला. "माझा गळा त्यात कधी घातलास, गेन्या? मला विचारलंस तरी?"

गेनबा हसला. हरबाही हसला, आणि आपल्या माथ्यावर जाऊन बसला. तेलाचं नाव तो मुद्दाम नाकातून घ्यायचा, एवढाच त्याचा राग.

पुढे गेनबाने असं काही केलं की सगळा मुलूख थक्क झाला. त्याने जाहीर केलं की मिळवलेलं सगळं मी देऊन टाकणार. त्याने शहरात दानघर उभारलं. धान्याची कोठारं, औषधं, घोंगड्या, बैलगाड्यांची रांग. ज्याला गरज असेल त्याने हाक मारावी, गाडी दारात येईल. त्याने ओढ्यांवर पूल बांधले, दवाखाने काढले, शाळा काढल्या. स्वतः दोन खोल्यांत राहायचा, जाडंभरडं नेसायचा. त्यात ढोंग तसूभरही नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा. पुढे जे घडलं ते एखाद्या ढोंग्याच्या हातून घडलं असतं, तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती.

कुठल्याही गावात काही झालं की लोक एकमेकांना म्हणायचे, "गेनबा आहे ना." आणि गेनबा खरोखरच असायचा.

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. डोंगर वाळून पिवळे पडले होते. सावरवाडीच्या शेजारी, एका खिंडीपलीकडे, नळेवाडी नावाचं गाव होतं. तिथे गेनबाने बांधलेल्या पुलाचा समारंभ होता. आसपासच्या गावांतून माणसं लोटली होती. मांडव घातला होता, ढोल वाजत होते, कढयांतून आमटीचा वास सुटला होता. सकाळची वेळ होती.

तेवढ्यात नळेवाडीच्या माथ्यावरून शिंग वाजलं. आधी मोहोरछाप तेल आलं. मग हाक आली.

"सावरवाडीच्या माथ्यापलीकडे वणवा. वारा अजून आडवा आहे. माणसं हवीत. टहाळे आम्ही तोडून ठेवतो."

वणवा विझवायला त्या मुलखात पाणी पुरत नसे. पुरायची ती माणसं. शंभर-दोनशे माणसांनी रांग धरायची, पुढच्यांनी गवत कापून मातीचा पट्टा उघडा करायचा आणि मागच्यांनी हिरव्या टहाळ्यांनी झोडपत आग मागे रेटायची. वारा फिरायच्या आत हे करायचं. हे मांडवातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं. गेनबालाही माहीत होतं. त्याचं ते जन्मगाव होतं आणि ती हाक हरबाची होती.

मांडवात हळहळ पसरली. बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी मात्र उठली आणि मांडवाच्या कडेला काढलेल्या वहाणांच्या ढिगात आपली जोडी शोधू लागली. तिच्यामागे आणखी काही जण उठले. कुणी तरी धोतराचा काचा मारला.

हीच ती वेळ होती. पुढचं सगळं इथे ठरलं, आणि ते गेनबाने ठरवलं.

तो उठून त्या म्हातारीजवळ गेला. तिच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. त्याच्या मनात तिच्याविषयी माया होती. एवढ्या उन्हात, या वयात ही बाई खिंड चढणार, हे त्याला बघवेना.

"बसा आजी," तो म्हणाला. "तुम्ही कशाला? मी आहे ना. दानघरातून गाड्या निघतील."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, हातातली वहाण खाली ठेवली आणि बसली. तिच्यामागे उठलेलेही बसले. गेनबाने नळेवाडीच्या हाकाऱ्याला निरोप दिला आणि डोंगरांवरून हाक निघाली, "सावरवाडीसाठी दानघरातून मदत निघाली आहे. गाड्या, घोंगड्या, धान्य, वैद्य. कोणी काळजी करू नये."

मांडवात टाळ्या झाल्या. कुणी कुणी डोळे पुसले. आणि त्या हाकेसरशी मुलखातल्या प्रत्येक गावात, जिथे जिथे कुणी वहाणेत पाय घातला होता, तिथे तिथे त्याने तो बाहेर काढला.

मग उलट हाका सुरू झाल्या. ऐकलं, फार वाईट वाटलं. ऐकलं, फार वाईट वाटलं. या डोंगरावरून, त्या डोंगरावरून, तेल, वाईट वाटलं, तेल, वाईट वाटलं. आणि मध्येमध्ये, गेनबासारखा दाता होणे नाही. जेवणाच्या पंगती बसल्या. ढोलाच्या आवाजातून गेनबाला सावरवाडीकडचं शिंग पुन्हा ऐकू आल्यासारखं वाटलं. त्याने विचारलं, तर शेजारी बसलेल्या पाटलाने सांगितलं की आभाराच्या हाका असतील, शेठ, तुम्ही जेवून घ्या.

गाड्यांची वाट डोंगरांना वळसा घालून जाते, त्या दुसऱ्या दिवसाच्या आत पोचणार नाहीत, हे गेनबाला काय माहीत नव्हतं? होतं. पण सांगून झालं की काम झालं, अशी त्याच्या मनाला कधीपासून सवय लागली होती, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. दुपारी खिंडीवर धूर दाट झाला. लोक म्हणाले, आता गाड्या पोचल्या असतील. गेनबानेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्यांतलं सामान वाटायच्या वेळी आपण हजर असावं म्हणून गेनबा खिंडीकडे निघाला. एकटाच. लहानपणी याच वाटेने तो हजारदा गेला होता.

वाट सापडेना.

जिथे पायवाट होती तिथे घाणेरीचं रान माजलं होतं. काटेरी झुडपं छातीपर्यंत आली होती. गेनबा हातांनी फांद्या बाजूला सारत, अंदाजाने चढू लागला. या वाटेवरून वर्षानुवर्षं कुणीच चाललं नव्हतं. वाट मारायची असं त्याने लहानपणी म्हटलं होतं, आणि इतकी वर्षं ती मेली आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातांवर ओरखडे उठले. त्याला पहिल्यांदा भीती वाटली, ती इथे.

खिंडीच्या माथ्यावर पोचून त्याने खाली पाहिलं. खाली गाव नव्हतं. काळ्या जमिनीवर काळे चौकोन होते आणि त्यांच्यामध्ये माणसं हिंडत होती.

तो धावत उतरला. खिंडीच्या पायथ्याशी, आग पोचली नव्हती अशा जागेवर, हिरव्या टहाळ्यांचे ढीग लावलेले होते. एकेका ढिगाशी पाण्याचे भरलेले माठ, वर फडकी झाकलेली. नळेवाडीचे लोक येतील त्यांच्यासाठी एक ढीग, त्यांच्यापलीकडून येतील त्यांच्यासाठी दुसरा, मग तिसरा, मग चौथा. येणाऱ्यांचा तोडण्यात वेळ जाऊ नये म्हणून अर्ध्या गावाने सकाळभर डहाळ्या तोडल्या होत्या. एकही डहाळी उचललेली नव्हती. पानं मान टाकून सुकली होती. एका माठात कुठून तरी उडत आलेली राख तरंगत होती.

गेनबा त्या ढिगांमधून चालत गेला. त्याला वाटलं होतं, लोक शिव्या देतील. कुणी दिल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने त्याला बसायला दगड दाखवला आणि अगदी सरळपणाने सांगितलं की सगळ्यांच्या हाका पोचल्या, सगळ्यांना फार वाईट वाटलं हे कळलं, तुमच्या गाड्या निघाल्याचंही कळलं. त्यात टोमणा शोधायचा गेनबाने प्रयत्न केला. टोमणा नव्हता. म्हातारा थकला होता, एवढंच.

मग त्याने हरबाचं घर शोधलं. घर नव्हतं, अंगण होतं. अंगणात एक घोंगडी पसरली होती आणि घोंगडीखाली कुणी तरी झोपवलेलं होतं. शेजारी हरबाची बायको तानूबाई बसली होती. कपाळाला काजळी, हाताला फडकं गुंडाळलेलं.

गेनबा तिथेच मटकन खाली बसला.

"माथ्यावर सापडले," तानूबाई म्हणाली. "आज सकाळी."

"वहिनी, पण हरबा माथ्यावर कशाला थांबला? आग दिसत होती. हाक पोचली होती."

"तेच मी म्हणत होते. खाली या, हाक गेली, उत्तरंही आली. तर म्हणाले, उत्तरं ऐकलीस का? सगळे वाईट वाटलं म्हणतायत."

ती एकसुरात, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगत राहिली. हरबाने त्या उत्तरांचा एकच अर्थ लावला होता. वाईट वाटलं, असं माणूस सगळं संपल्यावर म्हणतं. म्हणजे गाव जळून गेलं असा यांचा समज झालाय. आपलीच हाक चुकली. गाव अजून उभं आहे, वारा अजून फिरला नाही, अजून वाचवता येतंय, हे त्यांना नीट सांगायला पाहिजे. म्हणून तो माथ्यावरून हलला नाही. गाव अजून उभं आहे, या, एवढीच हाक तो मारत राहिला. नळेवाडीचा हाकाऱ्या ती उचलेना. त्याच्याकडे उलट हाकांची रांग लागली होती. दुपारी वारा फिरला.

"मी म्हटलं, त्यांनी ऐकलंय, ते येत नाहीत," तानूबाई म्हणाली. "भाऊजी, तुमचा मित्र माझ्यावर रागावला. म्हणाले, काहीतरी बोलू नकोस. ऐकलं आणि आले नाहीत, असं कधी होतं का?"

गेनबाच्या कानांत एकदम काही तरी बंद झालं. समोरची माणसं बोलत होती, ती दिसत होती, पण आवाज येत नव्हता. त्याला फक्त आपला हात दिसत होता. म्हातारीच्या खांद्यावर ठेवलेला, मायेने ठेवलेला हात. बसा आजी. तिथून या अंगणापर्यंत एक सरळ वाट आहे आणि तीवर कुठेही झाडझाडोरा नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं.

दुपारपर्यंत गाड्या आल्या. राखेतून अजून वाफ निघत होती, उन्हाने अंग भाजत होतं, आणि दानघराची माणसं शिस्तीने एकेका कुटुंबाला घोंगड्या देत होती. लोकांनी त्या हात जोडून घेतल्या. गेनबा बघत राहिला. मी गाव पुन्हा बांधून देतो, असं तो तानूबाईला म्हणाला. तिने मान डोलावली. बांधा, बरं होईल, म्हणाली. तिच्या आवाजात त्याच्याविषयी काहीच नव्हतं, रागसुद्धा नव्हता.

हरबाला उचलायची तयारी चालली होती. अंगाला भाजलेली, हात बांधलेली माणसं. धडधाकट खांदे कमी होते.

तेवढ्यात खिंडीपलीकडून शिंग ऐकू आलं. नळेवाडीचं. आधी तेल आलं. मग हाक.

"विहिरीचा कठडा ढासळला. एक माणूस आत अडकलाय. जिवंत आहे. लांब दोर हवेत."

सावरवाडीत कुणी हललं नाही. मग एक तरणा गडी, ज्याच्या भुवया जळल्या होत्या, हसल्यासारखं करून म्हणाला, "त्यांना कळवा. ऐकलं, फार वाईट वाटलं."

कुणी हसलं नाही. तानूबाई उठून उभी राहिली.

"म्हण," ती त्याला म्हणाली. "आणि म्हणून झालं की चल."

"काकी, हरबाकाका अजून अंगणात आहे."

"ते आता कुठे जाणार आहेत? विहिरीतला जिवंत आहे."

गेनबाचं तोंड सवयीने उघडलं होतं. दानघरातून लगेच, एवढे दोन शब्द जिभेवर आलेही होते. त्याने ते गिळले. दोर कुठे आहेत? गावातले सगळे जळून गेले होते. तो गाड्यांकडे धावला आणि घोंगड्यांचे गठ्ठे ज्या दोरांनी आवळले होते ते सोडवू लागला. कारभारी गोंधळून विचारत होता की शेठ, कुणाला पाठवू, किती माणसं पाठवू. दोरांचं वेटोळं गेनबाने खांद्यावर घेतलं आणि तो चालू लागला. पुढे तानूबाई होती, तिच्यामागे तो जळक्या भुवयांचा गडी, आणखी काही बायका, दोन म्हातारे. काही जण आले नाहीत. ते पाठ फिरवून बसले, आणि त्यांना कुणी बोल लावला नाही.

नळेवाडीत विहिरीभोवती सगळं गाव जमलं होतं. लोक काठावर उकिडवे बसून आत वाकून बघत होते, आतल्याला धीर धरायला सांगत होते आणि शहराच्या रस्त्याकडे माना वळवत होते. खिंडीच्या बाजूला कुणाचं लक्षच नव्हतं. त्यामुळे काजळीने काळी झालेली ती माणसं अगदी जवळ येईपर्यंत कुणाला दिसली नाहीत.

पाटील लगबगीने पुढे आला. "शेठ, बरं झालं. गाड्या कधी पोचतायत?"

"गाड्या वळसा घालून येतील," गेनबा म्हणाला. "मी आधी आलोय. हे टोक धरा."

पाटलाने दोर धरला. त्याच्यामागे दुसऱ्याने, तिसऱ्याने. जळक्या भुवयांचा गडी कमरेला दोर बांधून आत उतरला. दगड एकेक करून बाजूला करायला बराच वेळ गेला. वर सगळ्यांनी मिळून दोर ओढला, सावरवाडीचे काळे हात आणि नळेवाडीचे धुतलेले हात एकाआड एक. गेनबाच्या तळव्यांची सालपटं निघाली. शेवटी एक माणूस वर आला, पाय मोडलेला, चिखलाने माखलेला, पण जिवंत. त्याची आई त्याला कुरवाळू लागली आणि मग ज्याने काढलं त्याच्या पायाशी वाकली, तेव्हा तिला त्याच्या भुवया दिसल्या. ती तशीच वाकलेली राहिली. वर बघायची तिला हिंमत होईना.

आदल्या दिवशी हेच लोक याच जागी जेवले होते.

तानूबाईने पदराने हात पुसले आणि ती जमलेल्या माणसांपुढे उभी राहिली. ती बसली नाही. कुणी तरी पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने घेतला नाही.

"आता चला," ती म्हणाली. "माझ्या अंगणात माझा माणूस निजलाय. खांदा द्यायला माणसं कमी आहेत."

नळेवाडी उठली. बसलेलं कुणी राहिलं नाही. घाणेरीचं रान तुडवत सगळं गाव खिंड चढू लागलं, आणि त्यांच्यात सगळ्यात मागे, सोललेले हात छातीशी धरून, गेनबा चालत होता.

तात्पर्य एवढंच: दुःखाची खबर लांबवर पोचवता येते, धान्य आणि घोंगड्याही पाठवता येतात, पण उठून जायचं ते ज्याने ऐकलं त्यालाच जावं लागतं. आणि जो दाता इतरांना, तुम्ही बसा, मी आहे, असं सांगतो, तो जेवढं देतो त्याहून मोठं काही तरी त्यांच्याकडून काढून घेतो.